फोल्डिंग सायकलच्या बिजागरीजवळ केसाएवढी रेघ दिसतेय, चालवावी का?

कुर्लापेडल
२० इंची चाकं, ॲल्युमिनियमची फ्रेम, सेकंडहँड, साधारण सात वर्षं जुनी सायकल. घर ते ठाणे स्टेशन, मग घडी करून लोकल, पुढे कुर्ला ते बीकेसी. माझं वजन ८८ किलो, पाठीवरची सॅक ६ किलो.

उभं राहून पेडल मारलं की मधल्या बिजागरीतून कट-कट आवाज येतो. क्लॅम्प घट्ट केला की आवाज कमी होतो. शिवाय बिजागरीच्या मागच्या वेल्डिंगला लागून, नळीच्या खालच्या अंगाला, रंगात दीड सेंटीमीटरची बारीक रेघ आहे. ओळखीचा वेल्डर म्हणतो, टाका मारून देतो. फ्रेम खरंच मधून तुटते का? आणि नवी घ्यायची झाली तर स्टीलचीच घ्यावी का?

धातुविचार
हो, तुटते. रेघ कसली आहे हे कळेपर्यंत सायकल घरीच ठेवा.

नेहमीच्या फ्रेममध्ये वरची आणि खालची नळी मिळून भार वाटून घेतात. फोल्डिंगमध्ये बहुतेक एकच जाड नळी असते आणि तीही मधोमध कापून बिजागरीने जोडलेली. तुम्ही बसलात की नळीच्या खालच्या अंगावर ओढ येते, पुढचा ब्रेक जोरात दाबला की ताण उलट फिरतो. खड्ड्यागणिक हे सुरू असतं. त्यात बिजागरीचा जाड तुकडा जिथे पातळ नळीला वेल्ड केलाय, त्या कडेवर ताण एकवटतो. चीर तिथूनच सुटते. तुमची रेघ नेमकी त्याच जागी आहे, म्हणून काळजी वाटते.

खात्री करायला डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा रंग, वापरा. क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर असे तीन कॅन येतात. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा. आधी त्या भागाचा रंग पेंट रिमूव्हरने काढा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात नको, कारण मऊ ॲल्युमिनियम घासलं की चिरेच्या तोंडावर पसरतं आणि चीर लपते. क्लीनरने पुसून कोरडं करा, लाल डाय मारून १० ते १५ मिनिटं थांबा. मग क्लीनर फडक्यावर घेऊन जादा डाय पुसा. थेट फवारलात तर चिरेतलाही डाय धुऊन निघेल. वरून डेव्हलपरचा पातळ थर द्या आणि दहा मिनिटं पाहा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर चीर धातूत आहे. काहीच उमटलं नाही तर बहुधा नुसता रंग तडकला होता.

वेल्डरकडे देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. या फ्रेम बऱ्याचदा ६०६१ नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या असतात. कारखान्यात वेल्डिंगनंतर पूर्ण फ्रेम ५३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून झटक्यात थंड करतात, मग १७५ अंशांच्या आसपास कित्येक तास भट्टीत ठेवतात. ताकद त्या प्रक्रियेतून येते. त्यानंतर नुसता टाका मारला की टाक्याच्या शेजारची ताकद जवळपास निम्म्यावर येते. टाका टिकेल, पण शेजारी नवीन चीर जाईल.

बिजागरी_दुरुस्ती
आवाजाचं वेगळं बघायला हवं. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं बिजागरीच्या सांध्यावर आडवी ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. दोन पाती एकमेकांवर सरकली तर बोटांना लगेच कळतं. तशी सरकत असतील तर प्रत्येक पेडलला सांध्यावर ठोका बसतो आणि वेल्डिंग लवकर थकतं. तुमची रेघ कदाचित त्याचाच परिणाम असेल.

क्लॅम्पचा लिव्हर अर्ध्यावर आल्यावर आवळायला लागला पाहिजे आणि शेवटी तळहाताने जोर द्यावा लागला पाहिजे. नुसत्या अंगठ्याने बंद होत असेल तर सैल आहे. ॲडजस्टिंग नट एका वेळी पाव फेराच फिरवा. अंगाचा भार टाकून दाबावा लागेल इतका आवळलात तर क्लॅम्पची पिन नाहीतर हूक जाईल. नीट आवळूनही सांधा हलत असेल तर बिजागरीची पिन किंवा बुश (पिन ज्यात फिरते ती बारीक नळी) झिजलाय. तो भाग बदलावा लागतो, क्लॅम्प आवळून फक्त आवाज दबतो.

मला स्वतःला मधल्या नळीपेक्षा हँडलपोस्टची (हँडल धरणारा, घडी होणारा उभा दांडा) धास्ती जास्त. मधली नळी जायच्या आधी बरेचदा सायकल वळवळते, आवाज करते. हँडलपोस्ट खालच्या सांध्यात तुटला की हँडल थेट हातात येतं, आणि तेही बहुधा जोरात ब्रेक मारताना, जेव्हा अंगाचा सगळा भार हातांवर असतो. माणूस तोंडावर आपटतो. म्हणून चढावर हँडल ओढत उभं राहून पेडल मारू नका, गिअर उतरवा. ब्रॉम्प्टन ही फोल्डिंग सायकलची ब्रिटिश कंपनीही हँडलबारसारखे ॲल्युमिनियमचे भाग सुमारे ८,००० किमीनंतर बदलायला सांगते.

लोकलमध्ये घडी केलेल्या सायकलला धक्के बसतात, लिव्हर वाकतात. उतरल्यावर उघडताना मधला क्लॅम्प आणि त्याचं सेफ्टी लॉक, हँडलपोस्टचा क्लॅम्प आणि लॉक, सीटपोस्ट (सीटचा दांडा), पेडल या क्रमाने हात लावून बघा. सीटपोस्टवरची किमान खोलीची खूण कधीही बाहेर दिसता कामा नये.

खाडीकाठ
स्टीलबद्दल. ठरावीक पातळीखालचा ताण कितीही वेळा आला तरी स्टील थकत नाही, ॲल्युमिनियमला अशी पातळीच नाही. पण गंज लागला की स्टीलचा हा फायदा जातो, आणि मुंबईच्या हवेत नळी आतून गंजते. पावसाळ्यानंतर सीटपोस्ट काढून, सायकल उलटी करून पाणी काढा आणि आत गंजरोधक तेल फवारा. स्टीलची चीर तुलनेने सावकाश वाढते आणि गंजाची तांबूस रेघ पुसली तरी परत दिसते, एवढं मात्र स्टीलच्या बाजूने.

धातूपेक्षा आधी भाराची मर्यादा वाचा. ब्रॉम्प्टनची माणूस आणि सामान मिळून ११० किलो आहे. तुमचे ९४ होतात, म्हणजे १०० ची मर्यादा असलेल्या सायकलवर फारशी सवड उरत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या २६ इंची, दोन्हीकडे सस्पेन्शन आणि मध्ये बिजागरी असलेल्या स्वस्त सायकली टाळाच. आणि टायर शक्य तितके रुंद घ्या, लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं.

कुर्लापेडल
रंग काढून डाय मारला. लाल रेघ आली, आणि रंगात दिसत होती त्यापेक्षा दोन्हीकडे लांब. सांधाही बोटांना हलताना कळतो.

धातुविचार
मग ही फ्रेम संपली. कंपनीची वॉरंटी बहुधा पहिल्या मालकालाच असते, तरी फ्रेम नंबर आणि फोटो पाठवून विचारा; त्या बॅचमध्ये काही दोष निघाला असेल तर कळेल. चाकं, ब्रेक, गिअर काढून ठेवा, २० इंचीला उपयोगी पडतील. हँडलपोस्ट मात्र ठेवू नका, त्यानेही तेवढेच धक्के खाल्लेत. आणि भंगारात देण्याआधी मधली नळी करवतीने आरपार कापा. अख्खी दिलीत तर कुणीतरी टाका मारून, रंग देऊन ती पुन्हा विकेल.