"किट लेन्स घेऊच नका" हा सल्ला नवीन माणसाला देणं आता थांबवा

उन्हसावली:
काल एकाने विचारलं होतं की पहिलाच डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतोय, लेन्स कोणती घेऊ. त्याला मिळालेला सल्ला वाचून डोकं फिरलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सल्ला असा: "फक्त बॉडी घ्या, १८-५५ किट लेन्स म्हणजे कचरा, सरळ ५० एमएम एफ १.८ लावा आणि झूम पायांनी करा." (किट लेन्स म्हणजे बॉडीसोबत मिळणारी साधी झूम, १८ ला रुंद दृश्य, ५५ ला अरुंद पण जवळचं. ५० ला झूमच नाही. आणि एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त.) खाली अकरा जणांचं सहमत, सहमत. एकानेही त्याला विचारलं नाही की बाबा रे, तू फोटो कसले काढणार आहेस.

हाच सल्ला ऐकून मी पहिला कॅमेरा घेतला होता. बॉडी आणि ५०, बस. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ती ५० पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते, दृश्य आणखी अरुंद होतं, हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि घरात उभं राहून बघणं वेगळं. दहा-बारा माणसं जमलेली, आजी मधोमध खुर्चीत. मी मागे सरकत सरकत गेलो, पाठ कपाटाला टेकली, तरी फ्रेममध्ये चार-पाचच माणसं. चार मीटरवरून ५० ला जेमतेम पावणेदोन मीटर रुंदी मिळते, १८ ला तिथूनच पाच मीटर मिळाली असती. दार उघडून जिन्यात जाऊन उभा राहिलो तर दाराची चौकटच फोटोत. शेवटी काकांनी फोनवर काढला आणि तोच आज भिंतीवर आहे. पुढच्या वर्षी आजी नव्हती.

आणि "पायांनी झूम करा" हे तर साफ चूक आहे. पुढे गेलं की पर्स्पेक्टिव्ह बदलतो, समोरचा माणूस मोठा होतो आणि मागचा डोंगर आहे तेवढाच राहतो. झूम केल्यावर दोन्ही एकत्र मोठे होतात. दोन वेगळी कामं आहेत ही, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच, १८-५५ घेऊन दोन-तीन महिने भरपूर फोटो काढा, मग कॉम्प्युटरवर बघा की आपले फोटो कोणत्या फोकल लेन्थला (१८ ते ५५ मधल्या कोणत्या आकड्याला) पडलेत. सगळे १८ ला अडकलेले दिसले तर वाईड (आणखी रुंद दृश्याची) घ्या, ५५ ला अडकलेले दिसले तर टेली (लांबचं जवळ आणणारी) घ्या. पुढची लेन्स तुमचेच फोटो सांगतील.

फोकसमास्तर:
त्या अकरा जणांत मी आहे आणि आजही माझं मत तेच आहे.

किट लेन्स ५५ ला एफ ५.६ च्या वर उघडत नाही. १.८ ला त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे जिथे किट लेन्स १/१० सेकंद मागते तिथे ही १/१०० वर काम भागवते. हा कागदावरचा फरक नाहीये, फोटो हललेला की न हललेला याचा फरक आहे.

माझी गोष्ट ऐका. मुलगी रांगायला लागली तेव्हा हौसेने कॅमेरा घेतला, सोबत किट लेन्स. ऑफिसातून यायचो तेव्हा अंधार पडलेला असायचा, घरात ट्यूबलाईट, आणि लेकरू काय स्थिर बसतंय. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चढवून बघितला, जुनी बॉडी, नुसते दाणे. फ्लॅश मारला की ती डोळे मिटायची. सहा महिन्यांत वैतागून कॅमेरा कपाटात गेला. तुमची आजी फ्रेममध्ये बसली नाही, माझी मुलगी सगळ्या फ्रेममध्ये आहे आणि एकाही फोटोत धड चेहरा नाही. दीड वर्षाने एका मित्राची ५० लावून बघितली आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्या पापण्या मोजता येतील असा फोटो आला. तोवर ती चालायला लागली होती. रांगण्याचा एक फोटो नाही माझ्याकडे. तेव्हा "दोन-तीन महिने थांबा" हे मला सांगू नका.

मुक्तछंद:
दोघंही ५० वर का अडलाय? क्रॉप बॉडीवर ३५ किंवा २४ घ्या ना. निकॉनची डीएक्स (क्रॉप बॉडीसाठीची) ३५ एफ १.८ आहे २००९ पासून, कॅननची ईएफ-एस (तीही क्रॉपसाठीचीच) २४ एफ २.८ आहे. साधारण डोळ्याला दिसतं तसंच दिसतं, खोलीत वावरता येतं, वजन नाही.

आणि घेताना बघून घ्या हो. निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकस मोटर नसते, त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स (जिला फोकससाठी बॉडीतली मोटर लागते) स्वस्तात मिळतेय म्हणून उचललीत तर फोकस हाताने करत बसावं लागेल. कॅननची ईएफ-एस फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. हे आधी सांगायला हवं, १.८ की ५.६ नंतर.

ढगफुटी:
कुठलीही घ्या, पण पहिल्या दिवशी पहिलं काम म्हणजे यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर बसणारी, अतिनील किरण अडवणारी काच) लावणे. माझी लेन्स टेबलावरून तोंडावर पडली, फिल्टरचा चक्काचूर झाला, लेन्सला ओरखडा नाही. नवीन माणसाला हे कोणीच सांगत नाही.

रातकिडा:
सांगत नाही कारण सांगू नये. डिजिटल सेन्सरच्या समोर अतिनील किरण अडवणारी काच आधीपासूनच असते. फिल्मला यूव्हीचा त्रास व्हायचा, डोंगरावरचे फोटो निळसर यायचे, म्हणून हा फिल्टर होता. फिल्म गेली आणि फिल्टर राहिला, कारण कॅमेऱ्यासोबत तो गळ्यात मारायला सोपा पडतो.

मी रात्री नदीवरच्या पुलाचा फोटो काढला होता, दिव्यांची लांब ओळ, ट्रायपॉड, ३० सेकंद. घरी मोठा करून बघतो तर खाली काळ्या पाण्यात हिरवट ठिपक्यांची दुसरी ओळ, उलटी. आधी वाटलं प्रतिबिंब आहे. नीट बघितल्यावर कळलं की प्रत्येक ठिपका आपापल्या दिव्याच्या, फ्रेमच्या मध्यापलीकडे, बरोबर समोरासमोर पडलाय. सेन्सरवरून उजेड परत फिरून फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून आलेला. तासभर थंडीत उभा होतो त्या फोटोसाठी. त्या दिवशी फिल्टर काढला तो काढलाच.

ढगफुटी:
मग रात्री काढून ठेवा की, कोणी अडवलंय! पुलाच्या एका फोटोसाठी वर्षभर उघडी काच घेऊन फिरायचं? आणि तुमचा फिल्टर कोटिंगवाला (परावर्तन कमी करणारा थर असलेला) होता का? साध्या काचेचे फिल्टर लावायचे आणि मग फिल्टरला नावं ठेवायची.

रातकिडा:
मल्टिकोटेड होता. ठिपके फिके येतात, जात नाहीत.

आणि तुमची लेन्स फिल्टरमुळे वाचली हे कशावरून? फिल्टरची काच लेन्सच्या पुढच्या काचेपेक्षा कितीतरी पातळ असते, जो धक्का फिल्टर फोडतो तो लेन्सला काही करेलच असं नाही. उलट फुटलेल्या फिल्टरचे तुकडे आतल्या काचेवर घासतात ते वेगळंच. संरक्षण हवं असेल तर हूड (लेन्सच्या तोंडापुढची प्लॅस्टिकची कड) लावा. धक्का प्लॅस्टिक खातं आणि आडवा उजेडही अडतो. माझ्या एका लेन्सच्या तोंडावर नखाएवढा ओरखडा आहे, नऊ वर्षं झाली, एकाही फोटोत दिसत नाही, कारण तेवढ्या जवळचं काही फोकसमध्ये येतच नाही.

ढगफुटी:
हूड समुद्राचा खारा तुषार अडवतो का? वाळू अडवतो का? मी किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढतो, संध्याकाळपर्यंत काचेवर मिठाचा थर बसलेला असतो. ती काच रोज पुसली तर कोटिंगचं काय होईल ते तुम्हीच सांगा. फिल्टर काढला, नळाखाली धरला, वाळवला, परत लावला. लेन्स धरा बघू नळाखाली. घरात बसून दुसऱ्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं.

रातकिडा:
"घरात बसून" हे शब्द मागे घ्या. वर तासभर थंडीत उभं राहिल्याचं लिहिलंय ते वाचलं नाहीत बहुतेक.

मुक्तछंद:
अहो, भांडताय काय? किनाऱ्यावर लावा, रात्री काढा, प्रश्न मिटला. तसंही पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवून लावायचा फिल्टर) लावायचा असेल तर खालचा फिल्टर काढावाच लागतो, नाहीतर वाईडला फ्रेमचे कोपरे काळे पडतात. आणि जुन्या १८-५५ पैकी काहींचं पुढचं तोंड फोकस करताना फिरतं, त्यावर पोलरायझर लावला की प्रत्येक वेळी नव्याने फिरवायचा. मी दोन वर्षं हे सहन केलंय.

ढगफुटी:
"घरात बसून" मागे घेतो. चुकलं माझं. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

रातकिडा:
खारं पाणी आणि वाळू, तेवढ्यापुरता फिल्टर मान्य. तेवढ्यापुरताच. नवीन माणसाने पहिल्या दिवशी लावावा हे अजिबात मान्य नाही.

उन्हसावली:
मूळ विषय फिल्टरखाली गाडला गेला, तरी फोकसमास्तरांना उत्तर द्यायचंय. तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण नवीन माणूस १.८ लावतो आणि काय होतं ते मीच बघितलंय. दीड मीटरवरून क्रॉप सेन्सरवर ५० एफ १.८ ला सगळी मिळून सहा सेंटिमीटर जागा फोकसमध्ये असते. माणसाने मान जराशी वळवली की एक डोळा शार्प, दुसरा धूसर. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) ते कळत पण नाही, कारण तिथल्या काचेवर १.८ चा खरा उथळपणा दिसत नाही, आहे त्यापेक्षा जास्त भाग फोकसमध्ये वाटतो. त्यात लेन्स थोडी पुढे-मागे फोकस करत असेल तर साध्या बॉडीत ते दुरुस्त करायची सोयच नसते. माझे पहिले दोनशे-तीनशे फोटो नाक शार्प आणि डोळे गेलेले असे आहेत. मला वाटायचं माझाच हात वाईट.

फोकसमास्तर:
त्याला लाईव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) आहे की. बसलेल्या माणसाचा फोटो असेल तर लाईव्ह व्ह्यूत डोळ्यावर चौकोन ठेवा, तिथे फोकस थेट सेन्सरवरच बघितला जातो त्यामुळे पुढे-मागेचा प्रश्न येत नाही. आणि १.८ ची लेन्स २.८ वर वापरता येते हो, ५.६ ची लेन्स २.८ वर नेऊन दाखवा.

तुमच्या कपाटाला टेकलेल्या पाठीचा विचार मात्र डोक्यातून जाईना. म्हणून तुम्ही म्हणता तसं माझे मागच्या दोन वर्षांचे फोटो काढून बसलो. मध्यंतरी १७-५० एफ २.८ झूम घेतलीये, तीच जास्त लावलेली असते. निम्म्याहून जास्त फोटो २० ते ३५ मध्ये निघाले. मला शपथेवर वाटत होतं की मी ५० चा माणूस आहे. तेव्हा पहिली आणि एकुलती एक लेन्स ५० नको, हे मान्य. किट लेन्सला कचरा म्हणालो तेही चुकलं, उजेडात एफ ८ ला ती चांगलीच शार्प असते. पण घरात लहान मूल असेल तर १.८ ची काहीतरी पहिल्या दिवसापासून हवी, हे मी सोडणार नाही.

उन्हसावली:
ते मलाही सोडायला लावायचं नाहीये. किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असतं म्हणून चालेल, असं मी लिहिणार होतो, पण ते आपला हात सावरतं, रांगणारं मूल थांबवत नाही. मूल असेल तर तुमचं बरोबर.

नवशिका:
नमस्कार. काल विचारणारा तो मीच. सगळं वाचलं, फिल्टरचं दोनदा वाचलं. मी अजून काही घेतलेलं नाहीये. वर म्हटलंय तसं मला कोणी विचारलं नव्हतं म्हणून आता सांगतो, मला फुलपाखरांचे फोटो काढायचेत. अंगणात येतात ती. पंखावरचे खवले दिसतील एवढे जवळून. बॉडी बहुतेक कॅननची.

फोकसमास्तर:
अरेरे. मग कालचा आमचा सल्ला पार चुकीचा होता रे बाबा. कॅननची ५० एसटीएम (एसटीएम हे लेन्समधल्या मोटरचं नाव) ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, जास्तीत जास्त ०.२१ पट. म्हणजे पाच सेंटिमीटरचं फुलपाखरू सेन्सरवर सेंटिमीटरभर, अर्धी फ्रेमसुद्धा भरणार नाही. एफ ३.५-५.६ वाली १८-५५ एसटीएम २५ सेंटिमीटरवर ०.३६ पट देते, जवळजवळ फ्रेम भरते. या कामाला किट लेन्स ५० पेक्षा सरस आहे. माझ्या हाताने लिहितोय हे.

उन्हसावली:
पण ते २५ सेंटिमीटर सेन्सरपासून मोजतात, म्हणजे लेन्सचं तोंड फुलपाखरापासून वीतभरही लांब नसेल. उडून जाईल. ५५-२५० एसटीएम बघा, ०.२९ पट मिळतं पण ८५ सेंटिमीटरवरून, सावली पडत नाही. मात्र खवले सुटे सुटे दिसायला हवे असतील तर शेवटी १:१ ची मॅक्रोच (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटवणारी लेन्स) लागेल, नाहीतर तोवर एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी).

ढगफुटी:
भल्या पहाटे जा. अंग गार असतं तोवर ती उडत नाहीत, वीतभरावर लेन्स नेली तरी बसून राहतात. ऊन लागलं की पंख उघडतात, मग दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात.

नवशिका:
मग आत्ता किट लेन्ससकटच घेतो, आणि पहाटे उठतो. जिथे ती रात्री बसतात ती लिंबाची फांदी मला माहितीये.