बर्फात कोंबड्या: तुऱ्याची टोकं काळी पडलीत, हीट लॅम्प लावू का?

सातारची_लेक:
नमस्कार मंडळी, आम्ही मिनेसोटात सेंट पॉलजवळ राहतो, मागच्या अंगणात सहा कोंबड्या आहेत, चार ऱ्होड आयलंड रेड आणि दोन लेगहॉर्न, त्यांचा पहिलाच हिवाळा. गेल्या आठवड्यात रात्री उणे २४ सेल्सिअस झालं म्हणून मी खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवल्या, वरची झडपपण चादर कोंबून बंद केली, आणि काल बघते तर एका लेगहॉर्नच्या तुऱ्याची तीन टोकं काळी. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गावी आई संध्याकाळी डालग्याखाली झाकायची की झालं, इथलं काहीच कळत नाही. नवरा म्हणतो आजच हीट लॅम्प आणू. प्लीज लवकर सांगा.

मिशिगनकर:
ताई, आधी ती चादर काढा. सकाळी खिडकीला आतून बर्फाचा थर दिसतो का? दिसत असेल तर आत दमट झालंय. श्वासातून आणि शिटेतून रात्रभर ओल सुटत असते, ती बाहेर गेली नाही की तुऱ्यावर बसून गोठते. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, पिसं फुगवून बसली की कोरडी थंडी ती बरीच सोसते, ओल मात्र सोसत नाही. हवा डोक्याच्या वरून, छपराखालून जाऊ द्या, बसायच्या दांड्यापाशी झोत नको. काळं झालेलं चोळू नका, कापू नका, ते वाळून आपोआप गळतं. सूज आली किंवा पाणी सुटलं तर मात्र व्हेटला दाखवा.

आणि लॅम्प नकोच, कळकळीने सांगतोय. माझ्याकडे क्लिप निसटून लॅम्प भुशात पडला, मी पाणी बदलायला गेलो म्हणून दिसलं, ताटाएवढा भुसा जळून काळा झाला होता आणि कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या होत्या. तो वास अजून विसरलो नाही.

ओटावाची_काकू:
मिशिगनकर बरोबर बोलतायत. दांडा गोल आहे का गं तुझा? टू बाय फोरची, म्हणजे साधारण दोन बाय चार इंची, फळी आडवी टाक, रुंद बाजू वर, म्हणजे त्या बोटांवर बसतात आणि बोटं पिसांखाली झाकली जातात. खाली भुशाची गादी जाड ठेव, ओली झाली की वर कोरडा भुसा. झोपायच्या आधी मूठभर मका टाक, रात्री पचताना ऊब राहते. पाण्याला खाली तापणारी प्लेट मिळते ती घे, पण वायर नीट बांध, आणि भांडं खुराड्याच्या बाहेर पण आडोशाला ठेव, आतली ओल तेवढीच कमी. बर्फावर त्या पाय टाकत नाहीत, पेंढा पसरला की येतात बघ.

पुढच्या वर्षी पिल्लं घेशील तेव्हा छोट्या तुऱ्याची जात बघ. आमच्याकडे शांतक्लेर आहेत, क्यूबेकमधल्या ओका इथल्या एका मठातल्या ब्रदरने मुद्दाम थंडीसाठी तयार केलेली जात, तुरा अगदी बटणाएवढा. लेगहॉर्नचा तुरा मोठा, म्हणून तिला आधी लागलं.

सातारची_लेक:
काकू, दादा, खूप खूप आभार. खिडकीला खरंच आतून बर्फ होता, नखाने खरवडला तर भुगा पडला. चादर काढून तीन दिवस झाले, आता काच कोरडी आहे आणि बाकीच्यांचे तुरे लालच आहेत. लॅम्प आणला नाही, दांडा शनिवारी बदलतोय. आज दुपारी एक अंडं गोठून उभं तडकलेलं सापडलं, म्हणून आता दिवसातून तीनदा चक्कर मारते.