बायबलमधल्या १ शमुवेल पुस्तकाचा १५ वा अध्याय वाचून झोप उडालीय, तुम्ही हे कसं पचवता?

ऐरोलीकर_८७:
आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी घरी बायबल स्टडी असते, त्यात हा अध्याय आला. देव इस्राएलच्या शौल राजाला सांगतो, शत्रू असलेल्या अमालेकी लोकांना मारा, पुरुष, बायका, तान्ही पोरं, गुरंढोरं सगळं. माझी मुलगी ९ वर्षांची, ती पटकन म्हणाली बाबा बाळांनी काय केलं होतं? सगळे गप्प. पाळकसाहेब म्हणाले देवाचे मार्ग वेगळे, आणि पुढचं गाणं घेतलं. मला हे उत्तर नाही वाटत.

खाडीपलीकडचा:
मुलगी हुशार आहे राव. एक गंमत बघा, १५ मध्ये सगळे संपवले म्हणतात आणि ३० व्या अध्यायात तेच अमालेकी येऊन सिकलाग हे गाव जाळतात! म्हणजे ही भाषा त्या काळच्या युद्धातली फुगवून सांगायची पद्धत असावी असं बरेच अभ्यासक म्हणतात. पण आकडा कमी केला तरी आज्ञा तीच राहते ना, तिथे मी पण अडकतो.

भाऊ_ठाणे:
देव न्यायी आहे, त्याला प्रश्न विचारणारे आपण कोण?

नेरुळची_मावशी:
भाऊ, बायबलमधल्या दुःख भोगणाऱ्या ईयोबाने देवाला विचारलेच की, अब्राहामाने तर सदोम शहर वाचवायला, तिथे किती नीतिमान लोक असले तर पुरे, यावर देवाशी ५० वरून १० पर्यंत घासाघीस केली. जुना करारच (बायबलचा येशूच्या आधीचा भाग, हा अध्याय त्यातलाच) नको म्हणणारा मार्सियन दुसऱ्या शतकात होऊन गेला, मंडळीने (चर्चने) त्याला बाहेर काढलं, तो शॉर्टकट नकोच. मी लूकच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय धरून बसते, शिष्य म्हणतात येशूला न स्वीकारणाऱ्या गावावर आग पाडू का आणि येशू त्यांनाच झापतो. पोरीला सांगा, मलाही कळलं नाही.

ऐरोलीकर_८७:
मावशी, सांगितलं. म्हणाली मग पुढच्या बुधवारी परत विचारते.