'हुली' म्हणजे काय? खेळातल्या नावांबद्दल

वडगावहून प्रश्न : भाचा मोबाईलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) हा लढाईचा खेळ खेळतो. पडद्यावर नावं दिसतात ती अशी : 'केए२२हुली', 'येळ्ळूरकिंग' (येळ्ळूर हे बेळगावजवळचं गाव), 'पैलवानओपी'. अर्थ काय यांचा? आणि याला टोपणनाव म्हणायचं का?

शहापूरहून : टोपणनाव म्हणायला माझी हरकत आहे. टोपणनाव लोक ठेवतात, आणि ते बहुधा खोडीचंच असतं. बुटक्याला लंबू, असं. खेळातलं नाव ज्याचं तो घेतो, म्हणजे ते कवीच्या नावाच्या जातीचं. धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून शिरवाडकर 'कुसुमाग्रज' झाले, धारवाडचे द. रा. बेंद्रे, घरची भाषा मराठी आणि कविता कानडीत, ते आईच्या नावावरून 'अंबिकातनयदत्त' झाले. फरक एवढाच की ते नात्यावरून नाव घेत, ही पोरं वाघसिंहांवरून घेतात. इंग्रजी 'निकनेम'चा मूळ अर्थही 'जोडीचं नाव' असाच. 'ॲन एकनेम' म्हणता म्हणता आधीचा 'न' पुढच्या शब्दाला चिकटला.

निपाणीहून : 'ओपी' म्हणजे ओव्हरपॉवर्ड, आवरेना इतका ताकदवान. शब्द आधी हत्याराला, पात्राला लावत, मग माणसाला लागला. 'नूब' हा न्यूबीचा, म्हणजे नवख्याचा, अपभ्रंश. 'केए २२' ही बेळगावच्या गाड्यांची पाटी. आमच्याकडं चिक्कोडीची केए २३ चालते. गावाऐवजी पाटी का? अक्षरं कमी लागतात, हे एक. दुसरं माझं मत : बेळगाव लिहायचं की बेळगावी, हा वाद आकड्यात येत नाही. २०१४ मध्ये सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हापासून तर पाटी जास्तच सोयीची.

खानापूरहून : मूळ प्रश्न राहिलाच की. हुली म्हणजे कानडीत वाघ. मराठी घरातली पोरंही 'वाघ' न लिहिता 'हुली' लिहितात, कारण गल्लीत शाबासकी देताना कानडी मित्राच्या तोंडून तेच ऐकलेलं असतं. आमच्या घरातल्या पोराच्या स्क्वॉडमध्ये कोल्हापूरचा एक गडी आहे. त्याला वाटलं, हूल देतो तो हुली! गंमत म्हणजे खेळात ते शोभतंही. गवतात लपून हूल देण्यातच आमचा वाघ पटाईत.

वडगावहून : आभारी आहे, अण्णा. आणि नावाभोवती ती नक्षी असते ती?

निपाणीहून : ताई, ती नक्षी जावा बेटावरच्या जावानीज लिपीतली, मजकुराभोवती काढायची सजावटीची चिन्हं. नावापुढं हसरा चेहरा दिसतो, ते जपानी 'त्सु' अक्षर. कुणाच्या नावाच्या जागी काहीच दिसत नसेल, तर तिथं बहुधा कोरियन लिपीतलं न दिसणारं अक्षर असतं. हौसेचा भाग आहेच, पण गरजही आहे. एक नाव दोघांना मिळत नाही. साधं 'हुली' कुणीतरी कधीच घेतलेलं, मग आकडे, पाटी, नक्षी जोडत बसायचं.

शहापूरहून : नक्षी वाचून कोण दाखवणार? खेळताना मित्र 'ए हुल्या, काय करूलास?' असंच ओरडतात. 'हुली' त्यानं घेतलेलं, 'हुल्या' मित्रांनी केलेलं. तेवढ्याला टोपणनाव म्हणायला माझी हरकत नाही.