थर्मोस्टॅट काढण्याआधी रेडिएटर पाहावा
उन्हाळ्यात जुनी गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिनातले पाणी तापल्यावर त्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) काढून टाकावा, हा सुचवला जाणारा उपाय मला पटत नाही. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो. तो नसला तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन जास्त जळते आणि मूळ दोष तसाच राहतो. आपल्या किनारपट्टीवर तो दोष अनेकदा रेडिएटरमध्येच, म्हणजे इंजिनातले गरम पाणी वाऱ्याने थंड करणाऱ्या जाळीतच सापडतो, कारण खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या गंजून झडतात, आणि मालवण-देवगडकडे समुद्रालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी वर्षानुवर्षे ओतले गेले असेल, तर नळ्यांत आतूनही क्षार धरतात. म्हणून रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर (क्षार नसलेले पाणी) आणि कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव) समप्रमाणात घालावे. रेडिएटरचे जुने झाकणही बदलावे. या स्वस्त वस्तूकडे फार दुर्लक्ष होते, पण तिच्यातील स्प्रिंग सुमारे १ बार दाब धरून ठेवते, म्हणूनच आतले पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या जवळ उकळते. आंबा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, म्हणजे इंजिनाची काही उष्णता त्यातून बाहेर पडते, आणि गाडी थांबवल्यावर इंजिन थंड होईपर्यंत झाकणाला हात मुळीच लावू नये.