मदत हवी आहे: जुन्या सेकंड अपिलांतल्या मयत पक्षकारांची नोंद कशी ठेवता?

नमस्कार मंडळी,

मी कराडला सीनियर सरांकडे ज्युनिअर म्हणून वकिली करते. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आजवर मुंबईचे वकील बघत होते त्या अपिलांचे गठ्ठे आमच्याकडे यायला लागले. सध्या 63 सेकंड अपिलं (खालच्या कोर्टातल्या अपिलाच्या निकालावर हायकोर्टात केलेली दुसरी अपिलं) आहेत. बहुतेक वाटपाच्या दाव्यांतली, काही तर वीस वर्षांपूर्वी ॲडमिट झालेली, म्हणजे सुनावणीसाठी स्वीकारलेली.

तारखांची अडचण नाही. 16 अक्षरी सीएनआर (प्रत्येक केसचा ओळख क्रमांक) टाकला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख दिसते, बोर्डही (त्या दिवशीच्या केसेसची यादी) मी रोज बघते. अडतं ते माणसांपाशी. गेल्या महिन्यात एक मॅटर फायनल हिअरिंगला निघालं. आदल्या संध्याकाळी पक्षकाराला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, धाकट्या चुलत्यांना जाऊन तीन वर्षं झाली की!" चुलते म्हणजे रिस्पॉन्डंट (समोरचा पक्षकार) नंबर 4. मयताच्या जागी वारस लावायचे 90 दिवस गेले, ॲबेटमेंट (मुदतीत वारस न लावल्यानं त्या पक्षकारापुरतं अपील आपोआप संपणं) रद्द करून घ्यायचे पुढचे 60 ही गेले. आता विलंबमाफीचा अर्ज धरून तीन अर्ज, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांचे पत्ते. त्यातल्या दोन मुलींची सासरची गावं अजून कळलेली नाहीत. वाटपात एक हिस्सेदार सुटला तर सगळं अपीलच धोक्यात येतं. पक्षकार 74 वर्षांचे आहेत. मला रात्रभर झोप लागली नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 22 नियम 10अ प्रमाणे समोरच्या वकिलांनीही मृत्यू कळवायचा असतो, पण त्यांचं वकीलपत्र 2004 चं. त्यांचाही घराशी संपर्क राहिलेला नाही.

मी एक्सेल शीट सुरू केली आहे: प्रत्येक पक्षकाराचं वय, गावातला एक फोन नंबर, शेवटची चौकशी कधी केली, खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आलं का, त्याच निकालावर दुसरं अपील आहे का. पण 63 अपिलांत 400 च्या वर नावं आहेत आणि आम्ही दोघंच.

ज्यांच्याकडे जुनी अपिलं जास्त आहेत त्यांनी कृपया सांगा, चौकशी किती महिन्यांनी करता? नवा सातबारा काढून वारसनोंद बघणं पुरतं का, की गावात माणूस पाठवावाच लागतो? पक्षकाराला "घरात किंवा समोरच्यांत कोणी वारलं तर आठ दिवसांत कळवा" असं पत्र देत असाल तर त्याचा नमुना इथे टाका. तो मराठीत हवा आहे, घरातल्या शाळकरी पोरानं वाचून दाखवला तरी कळेल असा.