ओलांड बेटांची स्वायत्तता: राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार असताना उरतं काय?

नौकानयनी (धागाकर्ती)

तौलनिक राज्यव्यवस्थेसाठी एक टिपण करतेय. फिनलंडची ओलांड बेटं (फिनलंड आणि स्वीडनच्या मधली, स्वीडिश बोलणारी) सगळीकडे आदर्श स्वायत्ततेचा नमुना म्हणून दाखवतात. पण मूळ तरतुदी वाचायला घेतल्या की तीन ठिकाणी अडायला होतं.

पहिलं म्हणजे, तिथल्या विधिमंडळाने, म्हणजे लागटिंगने, केलेला प्रत्येक कायदा हेलसिंकीला राष्ट्राध्यक्षांकडे जातो आणि तिथे तो रद्द होऊ शकतो. मग स्वायत्तता कागदावरचीच नाही का? दुसरं, जमीन आणि मतदान ज्या 'रहिवास हक्का'वर अवलंबून आहे, तो मिळतो कसा आणि जातो कसा? तिसरं, आयकर आणि व्हॅट केंद्र सरकार वसूल करतं, तर बेटांचा कारभार कोणत्या पैशावर चालतो?

जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं. "त्यांना भरपूर अधिकार आहेत" एवढं मलाही माहीत आहे.

---

कलमकसाई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत.

सध्याचा स्वायत्तता कायदा १९९१ चा, लागू झाला १ जानेवारी १९९३ ला. त्याआधी १९२० चा आणि १९५१ चा, असे दोन होऊन गेले. वाचायची सुरुवात कलम १८ आणि कलम २७ शेजारी ठेवून करा. १८ मध्ये लागटिंगचे विषय आहेत: शिक्षण, आरोग्य, पोलीस, नगरपालिका, पर्यावरण, शिकार आणि मासेमारी, टपाल, प्रसारण, बेटांवरची वाहतूक, उद्योगधंद्यांना उत्तेजन. २७ मध्ये केंद्राचे: परराष्ट्र संबंध, न्यायालयं, नागरिकत्व, चलन, कुटुंब आणि वारसा कायदा, फौजदारी कायद्याचा बहुतेक भाग. १८ मधल्या विषयांवर फिनलंडची संसद कायदा करूच शकत नाही.

आता कायद्याचा प्रवास. लागटिंगने मंजूर केलेला मसुदा न्याय मंत्रालयात पोहोचला की त्या तारखेपासून चार महिन्यांचं घड्याळ सुरू होतं. आधी तो 'ओलांड डेलिगेशन' नावाच्या पाच जणांच्या मंडळापुढे जातो. त्यात दोन सदस्य केंद्र सरकारचे, दोन लागटिंगचे आणि अध्यक्षस्थानी गव्हर्नर. हा गव्हर्नरही हेलसिंकीने लादलेला नसतो. राष्ट्राध्यक्ष आणि लागटिंगचे सभापती यांचं एकमत व्हावं लागतं. ते झालं नाही तर लागटिंगने सुचवलेल्या पाच नावांतूनच निवड करावी लागते.

डेलिगेशनला अडचण दिसली नाही तर कायदा सहसा तसाच पुढे सरकतो. नकाराधिकार वापरायचाच असेल तर राष्ट्राध्यक्षांना आधी सर्वोच्च न्यायालयाचं मत घ्यावं लागतं, आणि कारणं दोनच चालतात: लागटिंगने अधिकारक्षेत्र ओलांडलं, किंवा देशाच्या अंतर्गत वा बाह्य सुरक्षेला बाधा येते. कायदा मूर्खपणाचा आहे, महागडा आहे, केंद्राच्या धोरणाशी जुळत नाही, ही कारणं बसत नाहीत. म्हणजे ही राजकीय संमती नव्हे, हद्दीची मोजणी आहे.

व्यवहारात घोळ होतो तो अंशतः नकारात. समजा ४० कलमांच्या कायद्यातली दोन कलमं केंद्राच्या हद्दीत गेली म्हणून गळली. आता उरलेला कायदा त्या दोन कलमांशिवाय चालेल का? हे ठरवायला प्रत्येक वेळी लागटिंगकडे परत जायचं तर महिने जातात. म्हणून लागटिंग मंजुरी देतानाच प्रांतिक सरकारला अधिकार देऊन ठेवू शकतं: काही भाग गळला तर बाकीचा लागू करायचा की सगळाच सोडून द्यायचा, ते तुम्ही ठरवा. अर्थसंकल्पाच्या अंमलबजावणीसाठी तातडीने लागणारा कायदा तर राष्ट्राध्यक्षांच्या निर्णयाआधीच लागू करता येतो, पुढे नकार आला तर तो गळतो. कलम २० नीट वाचा, बहुतेक टिपणांत ते नसतंच.

---

बंदरवाला

रहिवास हक्काबद्दल. स्वीडिशमध्ये हेमबिग्ड्सरेट. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा कणा हाच आहे, लागटिंग नंतर.

जन्माने: आई किंवा वडील, कुणा एकाकडे हा हक्क असला की मुलाला मिळतो. अर्जाने: फिनलंडचं नागरिकत्व हवं, ओलांडवर सलग पाच वर्षं वास्तव्य हवं आणि स्वीडिश भाषा समाधानकारक यायला हवी. अर्ज प्रांतिक सरकारकडे. इथे गंमत अशी की स्टॉकहोमहून येऊन स्थायिक झालेल्या माणसाची स्वीडिश अस्खलित असते, पण नागरिकत्व नसतं, म्हणून तो अडतो. हेलसिंकीहून आलेल्याचं नागरिकत्व असतं, त्याची भाषेपाशी अडचण होऊ शकते.

हक्क असेल तर काय मिळतं: लागटिंगसाठी मतदान आणि उमेदवारी, परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता, बेटांवर धंदा करण्याचा अधिकार. शिवाय सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट, पण वयाच्या बाराव्या वर्षानंतर बेटांवर राहायला आलेल्याला ती नाही. नगरपालिकेच्या मतदानाला हा हक्क लागत नाही. दोन्ही निवडणुका एकाच दिवशी होतात, म्हणून लोक सर्रास गल्लत करतात.

हक्क नसेल तर जमीन घेताच येत नाही असं मात्र नाही. प्रांतिक सरकारकडे परवान्याचा अर्ज करता येतो. बेटांवर राहणाऱ्याला घरापुरता भूखंड मिळण्याची शक्यता बरी, किनाऱ्याला लागून असलेल्या जमिनीचं काम कठीण.

जातो कसा: फिनलंडचं नागरिकत्व गेलं की लगेच. किंवा ओलांडबाहेर पाच वर्षांहून अधिक काळ वास्तव्य झालं की. यात सगळ्यात जास्त सापडतात ते स्वीडनला शिकायला गेलेले विद्यार्थी. नॉर्डिक देशांच्या नोंदणी पद्धतीत तुम्ही स्वीडनला राहायला गेलात की लोकसंख्या नोंद तिकडे हलते आणि पाच वर्षांची मोजणी सुरू. पदवी, मग पदव्युत्तर, मग पहिली नोकरी, तेवढ्यात मुदत संपते. परत आल्यावर मतदार यादीत नाव नाही.

बाहेर असलेल्या मतदारांसाठी २०१९ च्या निवडणुकीत इंटरनेट मतदान ठरलं होतं, तेही ऐनवेळी रद्द झालं.

---

टक्केटोणपे

पैशाचं थोडक्यात. केंद्र कर गोळा करतं आणि त्या बदल्यात ठोक रक्कम देतं. रक्कम ठरते सूत्राने: कर्जं वगळून केंद्राचं एकूण उत्पन्न गुणिले ठरलेली टक्केवारी. १९९३ पासून ती ०.४५ होती, २०२१ पासून ०.४७ आहे. केंद्राचं असं उत्पन्न ५,००० कोटी युरो धरलं तर वाटा २३.५ कोटी युरो. आधी आगाऊ मिळतं, वर्षाचे हिशेब पक्के झाले की फरकाची देवघेव. टक्केवारी बदलायची तर संसदेचा कायदा हवा आणि त्याला लागटिंगची संमती हवी.

हा पैसा कशावर खर्च करायचा हे पूर्णपणे लागटिंगच्या हातात. अमुक योजनेसाठीच वापरा असली अट नाही. अनुदान आणि वाटा यातला फरक इथे दिसतो.

दोष कुठे? 'कर्जं वगळून' या दोन शब्दांत. मंदीत केंद्राचं उत्पन्न घटतं, केंद्र कर्ज काढून आपला खर्च चालू ठेवतं, पण ते कर्ज सूत्रात मोजलं जात नाही. त्यामुळे बेटांचा वाटा घटतो आणि रुग्णालयाचा खर्च तेवढाच राहतो. दुसरं म्हणजे बेटांची लोकसंख्या ३० हजारांच्या आसपास आहे, देशाच्या अर्ध्या टक्क्याहून जरा जास्तच. ०.४७ त्याच्या खाली आहे.

---

नौकानयनी

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. आता एक उपप्रश्न. उद्या हेलसिंकीत एखादं सरकार मोठ्या बहुमताने आलं आणि त्याने स्वायत्तता कायदाच गुंडाळला तर? आणि युरोपीय संघाने केलेल्या नियमांपुढे कलम १८ टिकतं का?

---

कलमकसाई

गुंडाळता येत नाही. कायद्यात बदल करायला संसदेत घटनादुरुस्तीची प्रक्रिया लागते आणि शिवाय लागटिंगमध्ये तसाच ठराव दोन तृतीयांश बहुमताने व्हावा लागतो. दोन कुलपं, दोन किल्ल्या, वेगवेगळ्या घरांत. लागटिंग ३० जणांचं आहे, म्हणजे सगळे हजर असताना ११ सदस्य दुरुस्ती अडवू शकतात.

याचं मूळ १९२० मध्ये आहे. फिनलंडने त्या वर्षी पहिला स्वायत्तता कायदा एकतर्फी केला तेव्हा बेटांनी तो नाकारला, त्यांना स्वीडनला जोडलं जायचं होतं. वाद राष्ट्रसंघात गेला. जून १९२१ मध्ये निर्णय झाला: सार्वभौमत्व फिनलंडचं, पण स्वीडिश भाषा, जमीन आणि स्थानिक चालीरीती यांच्या संरक्षणाची हमी फिनलंडने द्यायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेटं तटस्थ आणि लष्करमुक्त ठेवण्याचा करारही झाला. लष्करमुक्तीची तरतूद तशी १८५६ पासूनचीच, क्रिमियन युद्धानंतरची. लागटिंगची पहिली बैठक ९ जून १९२२ ला. त्यामुळे बदलासाठी दोघांची संमती ही फिनलंडची मेहेरबानी नाही, सौद्याचा भाग आहे.

---

बंदरवाला

युरोपीय संघाचं उत्तर एवढं सुखाचं नाही.

फिनलंड १९९५ मध्ये संघात गेला तेव्हा ओलांडचं वेगळं सार्वमत झालं, लागटिंगने संमती दिली आणि प्रवेश करारात ओलांडसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल आला. त्यामुळे रहिवास हक्कावर आधारलेली बंधनं टिकली आणि बेटं व्हॅट व अबकारी कराच्या क्षेत्राबाहेर राहिली. संघांतर्गत करमुक्त विक्री १९९९ मध्ये बंद झाली, तरी स्वीडन ते फिनलंड फेऱ्या मारणाऱ्या मोठ्या जहाजांवर ती अजून चालते, ती यामुळेच. रात्रीच्या फेरीत जहाज ओलांडच्या मारियेहाम्न किंवा लोंगनेस बंदराला काही मिनिटं लागतं आणि निघतं. उतरणारे थोडेच असतात, पण बंदराला लागल्याशिवाय करमुक्त विक्री बसत नाही. याची दुसरी बाजू म्हणजे करसीमा. फिनलंडहून मागवलेल्या साध्या पार्सललाही आयातीचे कागद लागतात आणि छोटे दुकानदार त्यात पिचतात.

प्रोटोकॉलमध्ये जे नाही, तिथे मात्र कलम १८ ची ढाल चालत नाही. स्नूस या तोंडात ठेवायच्या तंबाखूच्या विक्रीवर संघात बंदी आहे, स्वीडनला सूट आहे. तंबाखूचा विषय लागटिंगचा, ओलांडने नियम वेळेत बदलले नाहीत. खटला झाला तो फिनलंडवर, कारण संघापुढे जबाबदार असतो तो सदस्य देश, त्याचा प्रांत नव्हे. २००६ मध्ये निकाल विरोधात गेला. पुढे स्वायत्तता कायद्यातच तरतूद झाली की बेटांच्या चुकीमुळे फिनलंडला दंड झाला तर तो बेटांनी सोसायचा.

वर युरोपीय संसदेत ओलांडला स्वतःची जागा नाही. फिनलंडच्या संसदेत २०० पैकी एक आहे. टिपणात या दोन्ही संसदांची गल्लत होऊ देऊ नका, आंतरजालावर ती जागोजागी आहे.